भरलेली होडी पाण्यावर उठत नाही: आधी पंखा बदलावा की मोटरची उंची?

दिवाळे-जेट्टी (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी. माझी पंधरा फुटी फायबरची होडी बेलापूरजवळच्या दिवाळे गावच्या जेट्टीला असते. तिच्यावर १५ अश्वशक्तीची, चार-स्ट्रोक, दांड्याने फिरवायची, लांब शाफ्टची आउटबोर्ड (मागच्या फळीवर बाहेरून बसवायची) मोटर आहे. ही मोटर मी जुनी घेतली असून ती पूर्वी दुसऱ्या एका होडीवर होती. तिच्यासोबत आलेला पंखा ॲल्युमिनियमचा, तीन पात्यांचा आहे आणि त्यावर सव्वानऊ गुणिले अकरा असा आकडा कोरलेला आहे.

दोघे जण, इंधनाचा एक कॅन आणि गळ-दोऱ्या एवढेच घेऊन निघालो तर होडी पनवेल खाडीच्या तोंडापर्यंत व्यवस्थित धावते. मात्र तिघे जण, बर्फाची पेटी आणि ओले जाळे असा भार झाला की नाळ (होडीचे पुढचे टोक) वर जाते, मागचा भाग पाण्यात बसतो आणि मुठीतला थ्रॉटल पूर्ण पिळूनही होडी तशाच अवस्थेत रखडत राहते. मोटरच्या पायाला आपटून उडणारे पाणी इतके असते की दांडा धरणारा माणूस दहा मिनिटांत कमरेपर्यंत भिजतो. शिवाय ओहोटीला जेट्टीजवळ येताना इतर होड्यांपेक्षा माझाच पंखा आधी चिखलात घुसतो.

जेट्टीवर विचारले तेव्हा तीन सल्ले मिळाले आणि तिन्ही एकमेकांशी जुळत नाहीत. एक म्हणतो, मोटर वर घ्या. दुसरा म्हणतो, वर घेतली तर पंखा हवा ओढेल, आहे तशीच राहू द्या. सुटे भाग विकणाऱ्या दुकानदाराच्या मते बारा किंवा तेरा पिचचा (पिच म्हणजे पंख्यावरचा दुसरा आकडा) पंखा घातला की होडी पळू लागेल. तेव्हा आधी काय तपासावे, काय मोजावे आणि कोणत्या क्रमाने बदल करावेत, हे जाणकारांनी सांगावे. पैसे एकदाच खर्च करायचे आहेत.

कासारवडवली-नाखवा (उत्तर)

बारा-तेरा पिचचा पंखा घेण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. आपण वर्णन केलेल्या लक्षणांत तो औषधाऐवजी अपथ्य ठरेल. त्याचे कारण पंख्याची चर्चा निघेल तेव्हा कुणीतरी सविस्तर सांगेलच. माझ्या मते आधी उंची ठरवावी, मग भारासह मोटरचे मिनिटाचे फेरे मोजावेत आणि पंख्याला हात सर्वांत शेवटी लावावा. हा क्रम उलटा केला की लोक दोन-दोन पंखे विकत घेतात आणि दोष तसाच राहतो, कारण चुकीच्या उंचीवर बसलेल्या मोटरचे फेरे पाहून निवडलेला पंखा उंची सुधारताच पुन्हा चुकीचा ठरतो.

उंचीचे गणित साधे आहे. आउटबोर्डचे शाफ्ट ठरावीक लांबीत येतात. आखूड शाफ्ट १५ इंचांच्या फळीसाठी, लांब शाफ्ट २० इंचांच्या फळीसाठी आणि त्याहून लांब शाफ्ट २५ इंचांच्या फळीसाठी असतो. फळी म्हणजे ट्रान्सम, जिच्यावर मोटरचे शिकंजे आवळले जातात ती होडीची मागची भिंत. तिची उंची वरच्या कडेपासून थेट खाली, होडीच्या तळापर्यंत, मध्यरेषेवर मोजावी. मूळ होडीची फळी वीस इंचांची असेल आणि आपल्या होडीची सोळा-सतरा इंचांची असेल, तर सगळा दोष तिथेच सापडेल.

दुसरे माप यापेक्षाही महत्त्वाचे आहे. पंख्याच्या अगदी वर मोटरच्या पायाला एक आडवी, सपाट पट्टी असते. पृष्ठभागावरची हवा पंख्यापर्यंत खाली ओढली जाऊ नये, हे तिचे काम. होडी पक्क्या जागेवर ओढून घ्या, मोटर उभी करा, एक सरळ लाकडी पट्टी होडीच्या तळाला चिकटवून मागे मोटरपर्यंत न्या आणि ती आडव्या पट्टीच्या किती वर येते ते टेपने मोजा. बहुतेक लहान होड्यांवर ही आडवी पट्टी तळाच्या पातळीत किंवा तळापासून एक इंच खाली असावी, असे मोटर बनवणाऱ्यांच्याच पुस्तिकांत लिहिलेले असते. ती तीन-चार इंच खाली असेल तर पंख्यावरचा पायाचा जाड भाग पाण्यातून ओढत न्यावा लागतो आणि त्यात शक्ती वाया जाते. आपण सांगितलेला फवाराही त्याच भागावर पाणी आपटल्याने उडतो. चिखलाचे तर सांगायलाच नको.

मापताना एक गोष्ट पाहा. आपल्याकडच्या बऱ्याच फायबर होड्यांच्या तळाला मधोमध नाळेपासून मागपर्यंत कण्यासारखी उभार पट्टी असते. तिच्या मागे पाणी फेसाळते आणि तो फेस थेट पंख्याच्या वाट्याला येतो. अशा होडीत तळापासून आणि कण्याच्या खालच्या कडेपासून, अशी दोन्ही मापे घ्या. आडवी पट्टी कण्याच्या खालच्या कडेच्या जरा खाली ठेवून सुरुवात करणे सुरक्षित असते. पुढे हवा ओढत नाही असे दिसले तर अर्धा इंच आणखी वर घेता येते.

फेरे मोजण्यासाठी ठिणगीच्या वायरभोवती गुंडाळायचे छोटे टॅकोमीटर मिळते, ते पुरेसे आहे. वेग मोबाइलच्या जीपीएसवर पाहावा, मात्र एकाच दिशेने पाहू नये. आपल्या खाडीत भरती-ओहोटीचा ओढ इतका असतो की प्रवाहासोबत आणि प्रवाहाविरुद्ध घेतलेल्या आकड्यांत मोठा फरक पडतो. त्याच सरळ पट्ट्यात जाऊन-येऊन दोन्ही वेग घ्यावेत व त्यांची सरासरी धरावी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाऐवजी अष्टमीच्या आसपासचे भांगाचे (कमी भरती-ओहोटीचे) दिवस निवडले तर आकडे अधिक भरवशाचे येतात. आणि ही धावपळ वाशी पुलाच्या दक्षिणेकडेच करावी. पुलाच्या उत्तरेला ऐरोलीपर्यंत २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. तिथे पाखरे चरत असताना पूर्ण थ्रॉटलची चाचणी घेणे योग्य नाही.

सारसोळे-खाडी (उत्तर)

वरील मापे घेण्याआधी दोन-चार गोष्टी पाहून घ्याव्यात, असे मला वाटते, कारण त्यांना पैसा लागत नाही आणि अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

पहिली गोष्ट होडीचा तळ. नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात उतरवली आणि नंतर वर घेतलीच नाही, तर तळाला शेवाळ व बारीक शंखांचा खरबरीत थर चढतो. असा थर असताना घेतलेल्या कोणत्याही मोजमापाला अर्थ नाही. तळ खरवडून घ्या, मग टेप काढा.

दुसरी गोष्ट, पंखा काढून त्याच्या मागे पाहा. आमच्या भागात पंख्याच्या शाफ्टवर तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) गुंडाळलेला न सापडणे हीच नवलाची गोष्ट असते. बाहेरून काहीच दिसत नाही, पण पंखा आणि गिअरपेटीच्या मध्ये तो गच्च बसून तिथले रबरी सील कापतो आणि पाणी आत शिरते. खालचा स्क्रू सैल करून थोडे गिअर तेल बाहेर काढून बघा. ते दुधाच्या चहासारखे दिसले तर आधी सील बदलून घ्या, वेगाचा विचार नंतर करा.

तिसरी गोष्ट पंख्याच्या आतले रबर. पंख्याची बाहेरची पाती आणि आतली दातेरी नळी यांच्यामध्ये दाबून बसवलेले रबर असते. पंखा दगडावर किंवा ओंडक्यावर आपटला तर गिअर वाचावेत म्हणून ते घसरते. ते एकदा घसरायला लागले की हलक्या भारात सर्व ठीक वाटते. जोर दिला की मात्र इंजिन ओरडते आणि होडी जागची हलत नाही. नळीवर आणि पंख्यावर मिळून रंगाची एक सरळ रेघ ओढा, भारासह एक फेरी मारा आणि परत आल्यावर पाहा. रेघ तुटली असेल तर रबर गेले आहे. आपण इंजिन ओरडते असे लिहिलेले नाही, त्यामुळे बहुधा हे कारण नसावे, पण तपासणे फुकट आहे.

शेवटची गोष्ट भाराची मांडणी. बर्फाची पेटी कुठे ठेवता? बहुतेक जण ती सोयीसाठी मागे, दांडा धरणाऱ्याच्या पायाशी ठेवतात. मोटरचे वजन, माणसाचे वजन, इंधनाचा कॅन आणि बर्फ असे सगळे मागच्या तीन फुटांत आले तर नाळ वर जाणारच. पेटी मधल्या आडव्या फळीच्या पुढे सरकवा. त्याचबरोबर मोटरच्या कंसात तिरपेपणा ठरवणारी एक आडवी पिन असते, ती कोणत्या भोकात आहे ते पाहा. भारी होडीला मोटरचा पाय फळीच्या जवळ हवा, म्हणजे पिन आतल्या भोकात. पिन बाहेरच्या भोकात असेल तर पंखाच मागचा भाग खाली दाबतो आणि नाळ आणखी उचलली जाते.

दिवाळे-जेट्टी (मूळ प्रश्नकर्ता)

आपण दोघांनी सुचवलेले सर्व काही केले आणि मापेही घेतली. तळ खरवडला. शाफ्टवर तंगूस होताच, पण गिअर तेल स्वच्छ निघाले. रंगाची रेघ तुटली नाही. पिन बाहेरून दुसऱ्या भोकात होती, ती सर्वांत आतल्या भोकात घातली. बर्फाची पेटी पुढे सरकवली. एवढ्यानेच नाळ पूर्वीपेक्षा कमी उचलते, पण भारासह होडी पूर्ण उठत अजूनही नाही.

फळीची उंची मधोमध साडेसोळा इंच भरली. आडवी पट्टी तळाच्या साडेतीन इंच खाली आहे. तळाला कणा आहे आणि तो एक इंच उभार आहे, म्हणजे कण्याच्या खालच्या कडेपासून आडवी पट्टी अडीच इंच खाली येते.

फेरे आणि वेग, दोन्ही दिशांची सरासरी, पूर्ण थ्रॉटलला असे आहेत. दोघे जण असताना ५,३०० फेरे आणि साडेसतरा नॉट (ताशी सागरी मैल). तिघे, बर्फ आणि जाळे असताना ४,६०० फेरे आणि साडेदहा नॉट. मोटरच्या पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलला ५,००० ते ६,००० फेरे असावेत असे दिलेले आहे आणि गिअरचे प्रमाण २.०८ आहे, म्हणजे पंख्याच्या एका फेऱ्याला मोटरचे २.०८ फेरे.

पिच-आणि-पाती (उत्तर)

आता बोलण्यासारखे आकडे हाती आले आहेत.

पंख्यावरचा पहिला आकडा म्हणजे पात्यांनी आखलेल्या वर्तुळाचा व्यास, तर दुसरा म्हणजे पिच. पंखा न घसरता एका फेऱ्यात जितका पुढे जाईल ते अंतर म्हणजे पिच; दोन्ही आकडे इंचांत असतात. आपला पंखा पूर्ण एका फेऱ्यात अकरा इंच पुढे जायला हवा. पाणी पातळ असल्याने तो तितका जात नाही, आणि हा जो तोटा पडतो त्याला घसरण म्हणतात. ती काढण्यासाठी इंजिनाचे फेरे गिअरच्या प्रमाणाने भागावेत, आलेल्या संख्येला पिचने गुणावे आणि १,२१५ ने भागावे. उत्तर नॉटमध्ये येते.

दोघांच्या भारात ५,३०० भागिले २.०८ म्हणजे २,५४८, गुणिले ११, भागिले १,२१५, म्हणजे साधारण २३ नॉट. प्रत्यक्षात साडेसतरा मिळतात, म्हणून घसरण सुमारे चोवीस टक्के. पाण्यावर उठून धावणाऱ्या लहान होडीत दहा ते वीस टक्के घसरण चांगली समजली जाते आणि थोडी जास्त असेल तरी चालते. भारासह ४,६०० फेऱ्यांना हेच गणित २० नॉट सांगते, प्रत्यक्षात मात्र साडेदहाच मिळतात. घसरण सत्तेचाळीस टक्क्यांहून जास्त. पंखा फिरतो आहे, पण त्याच्या मेहनतीतला जवळजवळ अर्धा भाग पाणी ढवळण्यात जातो आहे.

असे का होते ते समजून घेतले पाहिजे. पाणी बाजूला सारत चालणाऱ्या होडीला लांबीनुसार एक नैसर्गिक वेगमर्यादा असते. पाण्यातली लांबी फुटांत घेऊन तिचे वर्गमूळ १.३४ ने गुणले की ती नॉटमध्ये मिळते. आपली होडी पाण्यात चौदा फूट धरली तर ती मर्यादा पाच नॉटच्या आसपास येते. त्यापुढे जायचे तर होडीने स्वतःच्याच लाटेवर चढून पृष्ठभागावर सपाट व्हायला हवे, आणि त्या चढणीवर ताकद सर्वांत जास्त लागते. आपली भरलेली होडी साडेदहा नॉटला या चढणीवरच अडकली आहे. नाळ वर आणि मागचा भाग खाली, ही त्याच अवस्थेची खूण.

चढण चढायला इंजिनाला फेरे हवेत, कारण त्याची पूर्ण १५ अश्वशक्ती वरच्या फेऱ्यांतच असते. अकरा पिचचा पंखा भारात त्याला ४,६०० च्या वर जाऊच देत नाही. पुस्तिकेतल्या किमान आकड्याच्याही खाली, पूर्ण थ्रॉटलवर इंजिन असे रखडत ठेवणे त्याच्या प्रकृतीलाही घातक असते. इंधन नीट जळत नाही, कार्बन साचतो आणि पिस्टनवर ताण येतो. बारा-तेरा पिच घातला तर फेरे आणखी खाली येतील, म्हणून दुकानदाराचा सल्ला आपल्यासाठी उलट्या दिशेचा आहे. तो सल्ला हलक्या होडीला आणि फेऱ्यांची मर्यादा ओलांडणाऱ्या इंजिनाला लागू पडतो, आपल्याला नाही.

पिच एक इंच कमी केला की पूर्ण थ्रॉटलचे फेरे साधारण दीडशे ते दोनशेने वाढतात. सव्वानऊ गुणिले नऊ हा पंखा आपल्या वर्गातल्या मोटरींसाठी सहज मिळतो. दोन इंच पिच कमी म्हणजे तीनशे ते चारशे फेरे वाढतील. भारासह आपण पाच हजारांच्या आसपास पोहोचाल आणि दोघांच्या भारात ५,७०० पर्यंत जाल, म्हणजे सहा हजारांच्या आतच राहाल. आठ पिच घेतला तर भारात अधिक जोर मिळेल, पण हलक्या होडीत फेरे मर्यादेपाशी जाऊन टेकतील आणि थ्रॉटल सतत सांभाळावा लागेल. रोज बर्फ-जाळ्याचाच धंदा असता तर मी आठ सुचवला असता. आपला वापर मिश्र दिसतो, म्हणून नऊ.

चार पात्यांच्या पंख्याचा पर्यायही कुणी सुचवील. त्याने पकड वाढते, खडबडीत पाण्यात होडी स्थिर राहते, पण वरचा वेग थोडा जातो आणि किंमतही जास्त पडते. स्टेनलेस स्टीलच्या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. तो पाती न वाकवता धक्का थेट गिअरकडे पाठवतो. आपल्या खाडीत चिखलाखाली जुने खांब, दोरखंड आणि नको ते सारे दडलेले असते. तिथे ॲल्युमिनियमचे पाते वाकलेले परवडते.

एक विनंती मात्र आहे. पंखा मागवण्याआधी उंची बदला आणि पुन्हा फेरे घ्या. साडेतीन इंच खाली असलेला पाय ओढत असताना घेतलेल्या ४,६०० या आकड्यावर मी वरचे सारे गणित केले आहे.

वाशीगाव (उत्तर)

उंची वाढवण्याच्या सल्ल्याबद्दल मला थोडी शंका नोंदवायची आहे. पुस्तिकेतले माप शांत पाण्याचे असते. वाशी पुलाच्या खाली ओहोटी दक्षिणेला ओढत असताना समोरून वारा आला की लहान, उभ्या आणि जवळजवळच्या लाटा उठतात. अशा पाण्यात लहान होडीचा मागचा भाग उचलला जातो, पंखा वर येऊन हवा ओढतो, क्षणभर इंजिन मोकळे सुटल्यासारखे ओरडते आणि नेमक्या त्याच क्षणी सुकाणूचा ताबा जातो. म्हणून आमच्याकडचे जुने लोक मोटर मुद्दाम खाली ठेवतात. दांडा धरणारा भिजला तरी चालेल, पण लाटेत ताबा सुटता कामा नये, असे त्यांचे म्हणणे असते आणि ते मला पटते.

दुसरे, साडेसोळा इंचांची फळी वाढवायची म्हणजे तिच्यावर लाकडाचा तुकडा ठेवून शिकंजे आवळायचे, असे कुणी करू नये. तो तुकडा सरकला तर मोटर खाडीत जाते.

कासारवडवली-नाखवा (उत्तर)

आपल्या दोन्ही मुद्द्यांत तथ्य आहे आणि दुसऱ्याशी मी पूर्ण सहमत आहे. पहिल्याबाबत एवढेच म्हणेन की खाली ठेवण्यालाही मर्यादा असते. कण्याच्या अर्धा ते एक इंच खाली आणि कण्याच्या अडीच इंच खाली, यांतला फरक लाटेत फारसा उपयोगी पडत नाही, कारण लाट मागचा भाग फूटभर उचलते. तिथे थ्रॉटल सोडणे आणि भार मध्ये घेणे हेच कामाला येते. रोज उघड्या पाण्यात जाणाऱ्याने आडवी पट्टी कण्याच्या एक इंच खाली ठेवली तर मी हरकत घेणार नाही.

हवा ओढणे आणि पोकळी निर्माण होणे या दोन गोष्टी लोक एकच समजतात, तिथेही जरा नेमके असावे. पृष्ठभागावरची हवा किंवा इंजिनाचा धूर पात्यांपर्यंत येतो तेव्हा फेरे एकदम वाढतात आणि ढकल नाहीशी होते. हा उंचीचा, तिरपेपणाचा किंवा झटक्यात वळण्याचा दोष असतो. पात्याच्या पाठीवर दाब इतका घटतो की पाणी थंड असतानाच उकळून बुडबुडे धरते, तो प्रकार वेगळा. त्यात पात्याचा पृष्ठभाग टोचल्यासारखा खडबडीत होतो आणि बहुधा कडेला खाचा पडलेल्या किंवा वाकलेल्या पात्यापासून त्याची सुरुवात होते. खाच दिसली तर बारीक कानशीने कडा गुळगुळीत करून घ्यावी. त्यासाठी मोटर वर-खाली करण्याची गरज नसते. खाडीत तिसरेही कारण असते, ते म्हणजे पंख्याला गुंडाळलेली प्लास्टिकची पिशवी. तिचीही लक्षणे अगदी हवा ओढल्यासारखीच असतात, म्हणून वाटेत एकाएकी ढकल गेली तर आधी इंजिन बंद करून पाय वर उचलून पाहावा.

आता फळी. मूळ प्रश्नकर्त्याच्या होडीत दोन इंच वाढ हवी. त्यामुळे आडवी पट्टी तळाच्या दीड इंच आणि कण्याच्या अर्धा इंच खाली येईल. फायबरची कामे करणाऱ्याकडून फळीच्या आतून व बाहेरून मरीन प्लायचा जाड तुकडा पूर्ण उंचीने चिकटवून, त्यावर फायबरचे थर देऊन, वरची कड साडेअठरा इंचांवर आणून घ्यावी. नुसता वर जोडलेला ठोकळा नको. खालच्या जुन्या फळीशी तो एकजीव झाला पाहिजे. शिकंज्यांच्या दोन स्क्रूंवर विसंबू नये. कंसाला बोल्टसाठी भोके असतात, तिथून आरपार स्टेनलेसचे बोल्ट घालून आत रुंद वॉशर द्यावेत आणि भोकांत सीलंट भरावे, नाहीतर प्लायमध्ये पाणी शिरून फळी आतून कुजते. बाजारात मोटर वर-खाली करणारे धातूचे कंस मिळतात, पण ते मोटरला चार-पाच इंच मागे ढकलतात. आधीच मागे बसणाऱ्या पंधरा फुटी होडीला ते मानवणार नाही. मोटरला साखळी किंवा जाड दोर बांधणे आणि दांडा धरणाऱ्याने बंद करण्याची लाल दोरी मनगटाला अडकवणे, हे सांगायची गरज पडू नये, पण सांगतो.

पाय वर घेतल्यानंतर थंड करण्याच्या पाण्याची पिचकारी पाहत राहा. दोन इंचांनी काही बिघडत नाही, कारण पाणी ओढणारी भोके आडव्या पट्टीच्या खाली असतात. मात्र आपल्या गाळाच्या पाण्यात पिचकारी बारीक झाली की भोके किंवा पंपाचे रबरी चाक तपासावे.

दिवाळे-जेट्टी (मूळ प्रश्नकर्ता)

आपण सांगितल्याप्रमाणे फळी साडेअठरा इंचांवर आणून घेतली आणि मोटर आरपार बोल्टने बसवली. जुन्याच पंख्यावर, त्याच भारासह, ४,७५० फेरे आणि अकरा नॉट मिळाले. वेगात फार फरक पडला नाही, पण फवारा जवळजवळ थांबला आणि जेट्टीवर येताना चिखल उशिरा लागतो. त्यानंतर सव्वानऊ गुणिले नऊचा पंखा घातला. आता भारासह ५,२५० फेरे आणि तेरा नॉट मिळतात आणि होडी चढण ओलांडून सपाट होते. दोघे जण असताना ५,८०० फेरे आणि सतरा नॉट मिळतात, म्हणजे हलक्या होडीचा अर्धा नॉट गेला. तो जाऊ दे.

वाशीगावच्या शंकेसाठी मुद्दाम वाऱ्याविरुद्ध, ओहोटीच्या वेळी पुलाच्या खालच्या अंगाला जाऊन पाहिले. दोनदा पंख्याने हवा ओढली, दोन्ही वेळा मी लाटेवर थ्रॉटल सोडला नव्हता तेव्हाच. सरळ धावताना किंवा साध्या वळणावर ओढत नाही.

जुना अकरा पिचचा पंखा विकावा की ठेवावा?

पिच-आणि-पाती (उत्तर)

आपले आकडे जुळतात. तेरा नॉटला घसरण तीस टक्क्यांच्या आसपास येते. भरलेल्या, कण्याच्या होडीला ती चालण्यासारखी आहे. भारासह साडेसहाशे फेरे वाढले त्यांतला मोठा वाटा पंख्याचा असला तरी उंचीचे काम आधी झाले म्हणूनच नऊ पिचची निवड बरोबर बसली.

जुना पंखा ठेवावा आणि होडीतच ठेवावा. त्यासोबत एक नट, दोन फाटक्या पिना (नट सुटू नये म्हणून आरपार घालून टोके वाकवायच्या), पकड आणि पंख्याच्या पुढे बसणारे जाड वॉशर असा संच एका डब्यात असू द्या. ते जाड वॉशर घालायला विसरून पंखा चढवला तर तो मागेपुढे सरकून गिअरपेटीलाच घासतो. शाफ्टच्या दात्यांना जलरोधक ग्रीस लावूनच पंखा चढवा, नाहीतर खाऱ्या पाण्याने तो असा पकडतो की हातोड्याशिवाय निघत नाही. खाडीत पंखा बदलताना पाय वर उचलून, इंजिन बंद करण्याची लाल दोरी काढून ठेवून आणि नट हातातून निसटणार नाही अशा बेताने, खाली एक गोणपाट पसरून काम करावे.

सारसोळे-खाडी (उत्तर)

फाटक्या पिना दोन नव्हे, सहा ठेवा. त्या वाकवून सरळ केल्या की पुन्हा वापरण्याच्या लायकीच्या राहत नाहीत आणि पाण्यात हमखास पडतात.